नव्या यंत्राची वाट : हौस आणि धास्ती

नाटक कंपनी गावात येणार अशी वर्दी लागली की आपल्या आजोबांच्या पिढीत दोन प्रकारच्या चर्चा सुरू होत. पहिली हौसेची. नवे नाटक कोणते, पडदे कसे रंगवले आहेत, ऑर्गनवर कोण बसणार, नायकाचा आवाज पूर्वीसारखा राहिला आहे की नाही. दुसरी चर्चा धास्तीची. या खेपेस तिकिटाचे दर वाढले म्हणतात, आवडीची पदे गाळली म्हणतात, पुढच्या रांगा आधीच भरून गेल्या म्हणतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा संस्थानी शहरांतल्या जुन्या मराठी घरांना ह्या दोन्ही चर्चांचा परिचय आहे. रसिकाची वाट पाहणे नेहमी असे दुपेडी असते. ज्याला प्रेम नाही त्याला धास्तीही नाही.

ही दुपेडी वाट आज जगभर ज्या एका क्षेत्रात पाहावयास मिळते, त्याचे नाव ऐकून काही वडीलधारे वाचक पान उलटतील. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमचे. दर पाच-सात वर्षांनी जपानातील किंवा अमेरिकेतील एखादी कंपनी नवे खेळयंत्र, म्हणजे कन्सोल, बाजारात आणणार अशी बातमी येते आणि लक्षावधी हौशी मंडळी महिनोन्महिने त्याच विषयावर बोलत राहतात. पोराटोरांचा नाद म्हणून ह्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण ही मंडळी नेमके काय मागतात आणि कशाला भितात, हे जरा थांबून ऐकले तर त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडते. ह्यासाठी अलीकडचेच एक उदाहरण घेऊ. निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच २’ ह्या यंत्राची वाट लोकांनी मे २०२४ पासून जून २०२५ पर्यंत पाहिली. ती वाट कशी होती, हे पाहण्यासारखे आहे.

पत्त्यांच्या घराण्यातली कंपनी

निन्टेन्डो हे घराणे विजेच्या खेळांच्या आधीचे आहे. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची ह्या कारागिराने पत्ते बनवण्याचा धंदा सुरू केला. ते पत्ते म्हणजे ‘हानाफुदा’. बारा महिन्यांची बारा फुले किंवा झाडे, प्रत्येकाची चार पाने, मिळून ४८ पत्ते. सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची दहा कुळे आणि प्रत्येकी बारा पाने असा १२० गोल पानांचा डाव असतो. तिथे देव, इथे फुले. दोन्हींकडे पान हातात घेतल्यावर आधी डोळे सुखावतात आणि मग डाव सुचतो.

ह्या जपानी पत्त्यांचा एक धागा आपल्या गोव्याच्या बाजूने जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे जपानला पोचली तेव्हा त्यांच्याबरोबर पत्तेही गेले. पूर्वेकडच्या पोर्तुगीज कारभाराचे मुख्य ठाणे त्या काळी गोवाच होते. पोर्तुगीज ‘कार्ता’ ह्या शब्दाचेच जपानी ‘कारुता’ झाले. पुढे परदेशी धर्तीच्या पत्त्यांवर बंदी आली. तेव्हा लोकांनी निराळी चित्रे काढली आणि त्यातून फुलांचे पत्ते आले. खेळणाऱ्याचा हात बांधला की तो खेळच बदलून घेतो, याचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पत्त्यांची ही कंपनी १९६० नंतर खेळण्यांकडे वळली. तिथे गुन्पेई योकोई नावाचा एक कल्पक माणूस होता. त्याचे सूत्र असे की नवे आणि महागडे तंत्र हाती घेण्यापेक्षा जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा उपयोग कोणाला सुचला नसेल असा करावा. १९८९ साली आलेला ‘गेम बॉय’ हा हातात मावणारा खेळ त्याच सूत्रातून झाला. पडदा साधा, रंगावाचून. पण बॅटरी पुष्कळ वेळ टिकणारी आणि किंमत परवडणारी. प्रतिस्पर्ध्यांची रंगीत यंत्रे त्याच्यापुढे टिकली नाहीत. ‘स्विच २’ची वाट पाहणाऱ्यांच्या मनात हे सूत्र पक्के बसलेले होते. कंपनी यंत्राची ताकद वाढवील खरी, पण आपला जुना स्वभाव सोडील काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

यशानंतरचा खड्डा

रसिकांच्या धास्तीला इतिहासाचा आधार होता. ह्या कंपनीच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवी लोकांच्या ध्यानात आली आहे. मोठ्या यशाच्या पाठोपाठ तिचा पाय कधीकधी घसरतो.

१९८३ साली जपानात १४,८०० येनांना ‘फॅमिकॉम’ आला आणि घरोघर पोचला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम बाजारात येत, ज्यांच्या काडतुसाला पोरे ‘कॅसेट’ म्हणत आणि चालेनाशी झाली की तोंडाने फुंकर मारून पुन्हा खुपसत, त्यांतले बहुतेक ह्या फॅमिकॉमचीच बिनपरवाना नक्कल होती. म्हणजे नाव माहीत नसतानाही आपल्या घरांतील एक पिढी ह्याच घराण्याच्या खेळावर वाढली. आज चाळिशीत असलेले जे चिरंजीव दिवाळीच्या सुटीत टीव्ही अडवून बसत, तेच आता आपल्या मुलांना ‘पुरे झाले’ म्हणून दटावतात, इतकाच फरक.

ह्या यशानंतर १९९५ साली कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ काढला. डोळ्यांना लावून आतली तांबडी चित्रे पाहायची. लोकांचे डोके दुखले, आणि वर्षभरात तो गुंडाळावा लागला. २००६ साली ‘वी’ आला. हातवारे करून खेळण्याची त्याची तऱ्हा आजी-आजोबांनाही जमली आणि १० कोटींवर यंत्रे खपली. त्याचाच वारस म्हणून २०१२ साली ‘वी यू’ आला. नाव इतके जवळचे की हे नवे यंत्र आहे की जुन्याला जोडायचा एखादा भाग, हेच पुष्कळांना उमगले नाही. तो दीड कोटीही खपला नाही. मध्यंतरी २०११ साली ‘३डीएस’ हे हातातले यंत्र जपानात २५,००० येनांना आले. मागणी थंडावली तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्याची किंमत १५,००० वर आणावी लागली. ज्यांनी पहिल्या झटक्यात पूर्ण पैसे मोजले होते त्यांची समजूत घालण्यासाठी कंपनीने २० जुने खेळ फुकट दिले, आणि अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. लवकर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा तोटा व्हावा आणि उशिरा येणाऱ्याचा फायदा, ही सल त्या लोकांच्या मनात अजून आहे.

दुसऱ्या घराण्याची कथा तर अधिक करुण. सेगा कंपनीचे ‘ड्रीमकास्ट’ १९९८ साली जपानात आले. यंत्र चांगले, खेळ नावाजलेले. पण सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ येऊ घातले होते, आणि पुष्कळांनी हातचे सोडून त्याचीच वाट पाहिली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच सोडून दिले. चांगली नाटक मंडळी मोडली की तिच्या बरोबरीने प्रेक्षकांच्याही आठवणी पोरक्या होतात. ड्रीमकास्टच्या चाहत्यांचे तसेच झाले.

एवढे सगळे पाहिलेल्या माणसाने मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’कडे पाहावे. घरी टीव्हीला जोडा, बाहेर निघालात की उचलून हातात घ्या, अशी त्याची युक्ती. आठ वर्षांत ते १५ कोटींवर खपले. यश जेवढे मोठे, तेवढी पुढच्या खड्ड्याची भीती मोठी. वाट पाहणारे जे घाबरत होते ते ह्यामुळेच.

आशा काय होत्या

७ मे २०२४ रोजी कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जाहीर केले की मार्च २०२५ संपण्यापूर्वी नव्या यंत्राची घोषणा होईल. घोषणा कधी होणार ह्याची ही घोषणा. आपल्याकडे लग्नाची तारीख काढण्यासाठी बैठक कधी बसवायची, ह्याची जशी आधी एक बैठक होते, तसाच हा प्रकार.

त्या काळात हौशी लोकांनी ज्या आशा बोलून दाखवल्या त्या अवास्तव नव्हत्या. पडदा मोठा आणि स्वच्छ असावा. मोठे खेळ अडखळत चालतात ते सुरळीत चालावेत. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर येणारे खेळ इथेही यावेत. यंत्राची मूळ युक्ती मोडू नये. उगाच काही चमत्कार करायला जाऊन व्हर्च्युअल बॉय होऊ नये. आणि नाव तरी धड असावे! १६ जानेवारी २०२५ रोजी छोट्या चित्रफितीतून ‘स्विच २’ हे नाव समोर आले तेव्हा ‘वी यू’चा गोंधळ आठवणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन म्हणजे दोन. ह्यात कोणाची फसगत होण्याचे कारण नव्हते.

२ एप्रिल २०२५ रोजी तपशील कळले. पडदा ७.९ इंची, पूर्वीच्या ६.२ इंचांहून ठसठशीत मोठा. आतली साठवण ३२ गिगाबाइटांवरून २५६ वर. बाजूची दोन नियंत्रके, ज्यांना ‘जॉय-कॉन’ म्हणतात, ती आता लोहचुंबकाने चिकटणार आणि टेबलावर घसरवून माऊससारखीही वापरता येणार. पहिल्या दिवशी ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा शर्यतीचा खेळ बरोबर येणार. आशांचा बराच भाग पुरा झाला होता. तरी त्यातही काहींनी पडद्याचीच तक्रार केली. २०२१ साली आलेल्या स्विचच्या सुधारलेल्या आवृत्तीला ओएलईडी पडदा होता, त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसे. नव्या यंत्राला मात्र साधा एलसीडी पडदा. शिवाय बॅटरी दोन ते साडेसहा तास, म्हणजे पहिल्या स्विचच्या अडीच तासांपेक्षाही खालची बाजू थोडी कमीच. योकोईंच्या सूत्राची आठवण ठेवणारे म्हणाले, पैसा कुठे वाचवायचा हे ह्या घराण्याला अजून ठाऊक आहे.

जुना संग्रह मुका होईल काय

आता धास्तीकडे येऊ. त्यातली पहिली धास्ती सर्वांत खोल आणि आपल्या वाचकांना सर्वांत लवकर समजेल अशी आहे.

कित्येक जुन्या घरांत अजून तबकड्यांची पेटी असते. ७८ फेऱ्यांच्या त्या जड तबकड्या. पुढे लाँग प्ले आल्या, ३३ फेऱ्यांच्या. ज्या यंत्रांत दोन्ही गतींची सोय होती ती घेणाऱ्यांचा जुना संग्रह बोलत राहिला. ज्यांनी फक्त नव्या गतीचे यंत्र घेतले त्यांच्या घरी बालगंधर्वांचा आवाज पेटीत बंद झाला. तबकडी फुटलेली नव्हती, खराब झालेली नव्हती. ती वाजवणारे यंत्र तेवढे घरात उरले नव्हते.

खेळांचे तेच आहे. १९९० साली आलेल्या ‘सुपर फॅमिकॉम’वर आधीच्या फॅमिकॉमच्या कॅसेटी चालत नसत. २०१७ च्या स्विचवरही ३डीएस आणि वी यूचे खेळ चालले नाहीत. म्हणून आठ वर्षे पैसे साठवून जमवलेला स्विचचा संग्रह नव्या यंत्रावर चालेल काय, हा प्रश्न लोकांनी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा विचारला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनीने उत्तर दिले की स्विचचे खेळ नव्या यंत्रावर चालतील. काही थोडे अपवाद राहतील, असे नंतर कळले. यंत्राचे नावसुद्धा जाहीर व्हायच्या आधी हे आश्वासन द्यावे लागले, ह्यावरून प्रश्नाचे वजन लक्षात यावे.

पण ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. आजकाल खेळ दुकानातून आणावा लागत नाही. तो इंटरनेटवरून यंत्रात उतरवून घेता येतो. सोयीचे आहे. मात्र २७ मार्च २०२३ रोजी ३डीएस आणि वी यू यांची दुकाने कंपनीने बंद केली, आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्यांवरचा एकमेकांशी जोडून खेळण्याचा मार्गही थांबवला. जे खेळ फक्त त्या दुकानातच मिळत होते ते नव्या गिऱ्हाइकाला मिळेनासे झाले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेने २०२३ साली पाहणी करून सांगितले की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ विकत मिळत नाहीत. आपल्याकडे मूकपटांच्या फिती कशा गेल्या हे ज्यांना माहीत आहे त्यांना ह्या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

अशा मनःस्थितीत असलेल्या रसिकांपुढे ‘गेम-की कार्ड’ नावाचा नवा प्रकार आला. दुकानातून डबी आणायची, त्यात कार्ड असते, पण कार्डात खेळ नसतो. असते ती फक्त किल्ली. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड मात्र यंत्रात असलेच पाहिजे. कंपनीची बाजू अशी की मोठे खेळ मावतील अशी कार्डे महाग पडतात. शिवाय हे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते, जे नुसत्या उतरवून घेतलेल्या खेळाचे होत नाही. ही बाजू अगदीच पोकळ नाही. पण हौशी माणसाची शंकाही रास्त आहे. पंचवीस वर्षांनी तो उतरवण्याचा मार्ग बंद झाला, तर हातात काय राहील? कुलूपच नसलेली किल्ली. सर्व खेळ असे नव्हते, हे खरे. कंपनीचे स्वतःचे सुरुवातीचे मोठे खेळ पूर्ण कार्डावरच आले. तरीही विकत घेतलेली वस्तू कितपत आपली, हा प्रश्न ह्या निमित्ताने लाखो घरांत बोलला गेला, आणि तो केवळ खेळापुरता नाही.

सरकणारी दांडी

दुसरी धास्ती कारागिरीची. जुन्या जॉय-कॉनवर अंगठ्याने फिरवायची जी छोटी दांडी असते, ती काही काळाने आपोआप सरकू लागे. हात न लावता पडद्यावरचा माणूस एका बाजूला चालू लागे. ह्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. आत दोन भाग एकमेकांवर घासत असतात. घासून ते झिजतात आणि यंत्राला दांडी कुठे आहे ह्याचा चुकीचा निरोप जातो. अमेरिकेत २०१९ साली ह्यावरून दावे झाले. जून २०२० मध्ये भागधारकांसमोर फुरुकावा यांनी गिऱ्हाइकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

ह्यावर एक उपाय जगाला ठाऊक होता. ‘हॉल इफेक्ट’ तत्त्वावर चालणाऱ्या दांडीत भाग घासत नाहीत. लोहचुंबकाच्या क्षेत्रातला बदल मोजून तिची जागा ओळखली जाते. घासणे नाही म्हणून झीज फार कमी. नव्या यंत्रात हीच दांडी येईल अशी आशा बहुतेकांनी धरली होती. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या माणसांनी सांगितले की दांडी नव्याने आखली आहे, पण ती त्या तत्त्वावरची नाही. जूनमध्ये यंत्रे उघडून पाहणाऱ्या तंत्रज्ञांनाही आत घासणारीच रचना दिसली. सतारीच्या घोड्याची जवारी बिघडली तर वादकाला जे दुःख होते, ते ह्या दांडीबद्दल खेळाडूला होते. त्याचा हात आणि खेळ यांच्यामध्ये तेवढीच एक वस्तू असते.

किंमत, जकात आणि सोडत

तिसरी धास्ती पैशाची. पहिला स्विच अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरना आला होता. नवा ४५० डॉलरना ठरला. त्या वेळच्या दराने ३८ हजार रुपयांच्या घरात. त्याहून अधिक कुरकुर झाली ती खेळाच्या किमतीवर. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरना. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने इंटरनेटवर खेळ खेळून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पाहणाऱ्यांनी खाली ‘किंमत उतरवा’ असा नुसता गजर लावला. नाटकात पिटातून ‘मोठ्याने बोला’ असा ओरडा व्हावा, तसा.

त्यात योगायोग असा की ज्या २ एप्रिलला यंत्राचा तपशील जाहीर झाला त्याच दिवशी अमेरिकी सरकारने परदेशी मालावर नवी जकात जाहीर केली. ९ एप्रिलला सुरू व्हायची तिथली आगाऊ नोंदणी पुढे ढकलावी लागली. ती २४ तारखेला सुरू झाली. यंत्राची किंमत तेवढी कायम राहिली, जोडसामानाची मात्र वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेत जुन्या स्विचचीच किंमत वाढवण्यात आली. जुने यंत्र स्वस्त होण्याची वाट पाहावी, हा गरीब हौशी माणसाचा पिढीजात मार्ग. तोच ह्यावेळी बंद झाला.

जपानात गोष्ट वेगळी. तिथे फक्त जपानी भाषा असलेले यंत्र ४९,९८० येनांना ठेवले आणि सर्व भाषांचे ६९,९८० ना. येन घसरलेला असताना परदेशी दलालांनी स्वस्त माल उचलून बाहेर नेऊ नये, ही त्यामागची सोय उघड होती. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात यंत्र मिळवण्यासाठी सोडत ठेवली आणि अट घातली की अर्जदाराने फेब्रुवारी २०२५ अखेर जुन्या स्विचवर ५० तास खेळलेले असावे, आणि एकूण वर्षभराची वर्गणी भरलेली असावी. तिकिटे काळ्याबाजाराने विकणाऱ्यांना हा छान चाप होता. संगीताच्या मैफलीचे तिकीट विकताना ‘आधी किती मैफली ऐकल्या?’ असे कोणी विचारावे, तसे हे. पण अर्ज २२ लाख आले. २३ एप्रिल रोजी फुरुकावा यांना जाहीर सांगावे लागले की पहिल्या सोडतीत पुष्कळांची निराशा होणार आहे, आणि त्यांनी माफी मागितली. आशेच्या मानाने माल नेहमीच थोडा असतो.

पडदा उघडल्यावर

५ जून २०२५ रोजी यंत्र बाजारात आले. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपले, आणि सप्टेंबर संपेपर्यंत एक कोटीचा आकडा ओलांडला. यशानंतरच्या खड्ड्याची भीती निदान सुरुवातीला तरी खोटी ठरली. जुने खेळ बहुतांशी चालले. काही तर फुकटच्या सुधारणेने पूर्वीपेक्षा सुरेख चालू लागले. नाव, आकार, युक्ती यांत घोटाळा झाला नाही.

ज्या धास्ती उरल्या त्या दांडीच्या, किमतीच्या आणि मालकीच्या. त्यांचा निकाल पहिल्या आठवड्याच्या खपावरून लागत नाही. दांडीचा निकाल दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर लागेल. किल्लीच्या कार्डाचा निकाल लागायला कदाचित एक पिढी जावी लागेल. खप म्हणजे मान्यता नव्हे. तिकीट काढून आत बसलेला प्रेक्षक तक्रार करण्याचा हक्क दारावर ठेवून येत नाही.

आपल्या घरांत

निन्टेन्डोने पहिल्या विक्रीच्या देशांत भारताचे नाव घातले नव्हते. त्यामुळे आपल्याकडच्या हौशी मुलांपुढे दोनच मार्ग राहिले. सिंगापूर, दुबई किंवा अमेरिकेहून येणाऱ्या आतेभावाच्या, मामेबहिणीच्या सामानात जागा मागायची, नाहीतर परभारे माल आणणाऱ्या दुकानदाराला वरचढ किंमत द्यायची. दुसऱ्या मार्गात कंपनीची हमी इथे चालत नाही, हे घेण्यापूर्वी ध्यानात ठेवलेले बरे. दांडी सरकू लागली तर तिला क्योटोला पाठवता येत नाही.

तरी ह्या लेखाचा हेतू यंत्र घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्याचा नाही. घरातला नातू किंवा नात पुढच्या एखाद्या यंत्राची वाट पाहत असेल, रोज त्याच्या बातम्या वाचत असेल, आणि एखाद्या संध्याकाळी जेवताना आजोबांना ते सांगू लागेल, तेव्हा ‘तुमचे हे खूळ’ म्हणून विषय तोडण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहावेत. बाळा, तुझ्याकडचे जुने खेळ त्यावर चालतील का? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? आणि पैसे दिल्यावर तो खेळ तुझा होतो, की नुसता खेळायला मिळतो?

बहुतेक मुलांना ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. उलट आजोबांनी नेमके हेच विचारावे ह्याचे त्यांना आश्चर्य वाटेल. मग कदाचित तबकड्यांच्या पेटीची गोष्ट निघेल, ती उघडलीही जाईल. वस्तू जपणाऱ्या घरातच वस्तूची किंमत करायला शिकलेली मुले वाढतात. वाट पाहणे आणि वाट पाहताना डोळे उघडे ठेवणे, हे दोन्ही त्यांनी आपल्याकडूनच उचललेले असते.